नळी महागली, तर खांदा घ्या

वाचकाचं पत्र: "आम्ही लेस्टरला राहतो. घरात पाच माणसं, त्यात आता सासूबाईही इथेच आल्या आहेत. बीफ आणि पोर्क खात नाही. नवीन होतो तेव्हा सुपरमार्केटात लॅम्ब शँक, नेक आणि चिकन विंग्ज हेच परवडायचं म्हणून तेच आणायची सवय लागली. आता शँकच्या दोनाच्या पाकिटावरचा आकडा बघून ते परत ठेवावं लागतं. नेक फिलेट चॉपच्या भावाला टेकलंय. सासूबाई कोल्हापूरच्या, त्यांना पांढरा रस्सा हवा आणि त्याला हाडाचं मटण लागतं. लॅम्ब ब्रेस्ट स्वस्त दिसलं म्हणून आणलं, तर रस्स्यावर बोटभर चरबी तरंगली आणि वासाने मुलांनी ताट सरकवलं. आता आणायचं काय आणि कुठून? की मटण महिन्यातून एकदाच करायचं?"

ताई, महिन्यातून एकदाच करायची वेळ अजून आलेली नाही. पण शँकच्या, म्हणजे नळीच्या, पाकिटाचा नाद सोडा. नेक फिलेट दिसतं तितकं महाग नाही, ते पुढे बघू. आणि जी ब्रेस्ट तुम्ही टाकून दिलीत, पांढऱ्या रस्स्यासाठी तिच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही इंग्लंडात मिळत नाही. चूक मटणाची नव्हती, कृती बोकडाची होती आणि मांस मेंढीचं होतं, एवढंच झालं.

आधी शँकचं. एका मेंढीला मागच्या नळ्या दोनच, आणि नळ्या खपतात म्हणून कुणी जादा मेंढ्या पाळत नाही. मागणी वाढली की पुरवठा तिथेच राहतो आणि भाव चढतो. मागणी वाढवली ती पबांनी. १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर 'द ईगल' सुरू झालं आणि पबात बिअरसोबत नीट रांधलेलं जेवण देण्याची लाट आली. त्या लाटेत मंद आचेवर शिजवलेला शँक मेन्यूवर चढला. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने तो सोन्याचा तुकडा: एक नळी म्हणजे एक ताट, मोजायला सोपी, आदल्या दिवशी शिजवून ठेवता येते, ताटात उभी केली की भरगच्च दिसते. नंतर पुदिन्याच्या ग्रेव्हीतले तयार शँक पाकिटातून आले आणि कच्च्या नळ्यांना आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. विंग्जची कथा हीच. अमेरिकेत बफलो शहरातल्या अँकर बारने १९६४ मध्ये त्या तळून तिखट सॉसमध्ये घोळवल्या असं सांगतात. त्याआधी त्या सूपाच्या पातेल्यात जायच्या. आता त्या पार्टीचं खाणं आहेत, आणि इथे घरोघरी एअर फ्रायर आल्यापासून तर विचारूच नका.

दुसरं कारण दुकानातलं आहे. सेन्सबरीजने २०२० मध्ये मटणाचे काउंटर बंद करायचं जाहीर केलं, टेस्कोने २०२३ मध्ये उरलेले बंद केले. काउंटरवर माणूस होता तोवर "जरा हाडाची मान द्या" म्हणता यायचं. आता जे कारखान्यात ट्रेमध्ये भरलं जातं तेच मिळतं, आणि ट्रेमध्ये भरतात ते नीटस, एकसारखं, नाव सांगता येईल असं. हाडाची मान, म्हणजे स्क्रॅग आणि मिडल नेक, जवळपास दिसेनाशी झाली. उरलं ते हाड काढलेलं फिलेट. म्हणजे मान महागली हे खरंच, पण तुम्ही विकत घेताय तो तुकडाही आता वेगळाच आहे.

लेबलवरचा भाव आणि ताटातला भाव

इथे लेबलवर किलोचा भाव छापावाच लागतो, अगदी बारीक अक्षरात का होईना. तो बघायची सवय तुम्हाला असणारच. पण हाडाच्या आणि बिनहाडाच्या तुकड्याचा किलोचा भाव शेजारी ठेवून उपयोग नाही. भावाला खाण्याजोग्या हिश्श्याने भागा. शँकमध्ये कच्च्या वजनाचं साधारण दोन तृतीयांश मांस, बाकी हाड. नेक फिलेटमध्ये जवळजवळ सगळंच मांस. विंगमध्ये निव्वळ मांस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, बाकी हाड आणि कातडी.

समजा शँक किलोला १५ पौंड आहे. ०.६५ ने भागा: मांसाचा किलो २३ पौंडांना पडला. नेक फिलेट समजा १८ पौंड. ०.९५ ने भागा: १९ पौंड. म्हणजे लेबलवर तीन पौंडांनी महाग दिसणारं फिलेट प्रत्यक्षात चारने स्वस्त. आकडे दर आठवड्याला बदलतील, तुमच्या दुकानातले घालून बघा. भागाकार मात्र हाच. सुक्या मटणाला किंवा बिर्याणीला फिलेट बिनधास्त घ्या. रस्स्याला नको, कारण त्यात हाड नाही.

आणखी दोन ठिकाणी फसायला होतं. मॅरिनेट केलेल्या पाकिटाच्या वजनात मसाला आणि तेल धरलेलं असतं, तयार शँकच्या वजनात ग्रेव्ही. आणि फ्रोजन चिकनच्या घटकांच्या यादीत पाणी आहे का ते वाचा. असेल तर पातेल्यात तेच पाणी सुटतं आणि मसाला परतायच्या ऐवजी उकडतो.

अख्खा खांदा

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. हाड असलेला अख्खा खांदा घ्या, म्हणजे आपल्या खाटकाच्या भाषेत दस्त. साधारण दोन किलोचा असतो आणि बहुतेक वेळा पुढची नळी त्याला जोडलेलीच असते. म्हणजे खांद्याच्या भावात नळीही पदरात पडते. अर्धा खांदाच मिळत असेल तर नकल बाजूचा घ्या, नळी त्या बाजूला येते. ब्लेड बाजूला फक्त खवाटा, म्हणजे खांद्याचं चपटं हाड. ईस्टर आणि नाताळच्या आसपास अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, सवलतीत लावतात, तेव्हा हीच युक्ती रानेला लागू: नळीसकट असलेली रान निवडा. तिचा किलोचा भाव सुट्या शँकपेक्षा कमी निघतो की नाही ते तिथेच उभ्या उभ्या बघा, पुष्कळदा निघतो.

घरी आणल्यावर करवत लागत नाही. पातळ पात्याची धारदार सुरी पुरे. खांदा तासभर फ्रीजच्या सगळ्यात थंड भागात ठेवा म्हणजे चरबी घट्ट होते आणि सुरी घसरत नाही. नळी हातात धरून मागेपुढे हलवा. जिथे घडी पडते तो कोपर. घडीच्या आतल्या बाजूने कापायला सुरुवात करा, सांधा उघडा दिसेपर्यंत. कोपराच्या मागे हाडाचा आकडा असतो, तो सरळ कापला जात नाही आणि इथेच सगळे अडकतात. जोर लावू नका, सांधा उलटा दुमडा आणि आकड्याच्या भोवतीने सुरी फिरवा. नळी सुटते.

मग खांदा फासळ्यांची बाजू वर करून ठेवा. खवाट्याचं चपटं हाड या बाजूने सपाट असतं, दुसऱ्या बाजूला मधोमध उभी धार असते. सपाट बाजूने सुरी हाडाला चिकटवून सरकवली की मांस पापुद्र्यासारखं मोकळं होतं. हाड अगदी चकचकीत साफ करायचा हट्ट नको. थोडं मांस राहिलं तर ते रस्स्यातच जाणार आहे. शेवटी चरबीचे जाड थर आणि मांसाच्या मध्ये असलेली पिवळसर मऊ गाठ काढून टाका. ती गाठ शिजून चव बिघडवते.

दोन किलोतून साधारण असं निघेल: नळी साडेतीनशे ग्रॅम, हाडं पावणेचारशे, चरबी सव्वादोनशे, आणि बिनहाडाचं मांस एक किलोच्या थोडं वर. खांदा समजा ११ पौंड किलो होता, तर २२ पौंडांत नळीतलं धरून १.२८ किलो मांस, म्हणजे किलोला १७ पौंडांच्या आसपास. शँकचे २३ आठवा. आणि रस्स्याची हाडं त्यातच आली. पाच माणसांना हे दोन जेवणांना पुरतं: एकदा हाडं, नळी आणि पाव किलो मांस घालून रस्सा, एकदा सुकं.

हे सगळं किचकट वाटत असेल तर खाटकाकडून करून घ्या. लेस्टरमध्ये हलाल दुकानांची कमी नाही, तुम्हाला चालत असेल तर तिथे सुपरमार्केटपेक्षा निवड कितीतरी जास्त. फक्त मागणी नीट सांगा. नुसतं "करी कट" म्हटलंत तर खांदा, रान, मान, नळी सगळं एका पिशवीत तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे होऊन येतं. हीच पिशवी घराघरात मटण बिघडवते: रानेचे तुकडे पंधरा मिनिटांत शिजतात, मानेला अर्धा तास लागतो. मान मऊ होईपर्यंत रान भुशासारखी कोरडी पडते. म्हणून भाग वेगळ्या पिशव्यांत मागा, खांद्याचे तुकडे पाच सेंटिमीटरचे सांगा कारण ते आटतात, आणि नळ्या आडव्या दोन ठिकाणी कापून घ्या म्हणजे आतला गूद रस्स्यात उतरतो. करवतीने कापलेल्या हाडांना कुसं चिकटलेली असतात, ती ओल्या कागदाने पुसून घ्या. बारीक कूस दाताखाली आली की पाहुण्यांचं जेवण तिथेच संपतं.

पाटीवरचे शब्दही समजून घ्या. इथे "मटन" लिहिलं असेल तर ती बहुधा वयस्क मेंढी. बोकड हवा असेल तर "गोट" मागावं लागतं. वयस्क मेंढी लॅम्बपेक्षा बहुधा स्वस्त आणि चवीला दाट असते, पण कुकरला जवळजवळ दुप्पट वेळ घेते. सासूबाईंना घरच्या चवीची आठवण येत असेल तर महिन्यातून एकदा बोकडाचं आणा. ते स्वस्त नाही, पण तो प्रश्न पैशाचा नाही.

दोन-तीन कुटुंबं मिळून अर्धी मेंढी घेण्याचा पर्यायही आहे. अर्ध्या धडाचं नऊ-दहा किलो भरतं. एकट्याने घ्यायची तर फ्रीझरचा एक मोठा खण पूर्ण रिकामा हवा. शरद ऋतूत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, इथल्या नव्या कोकरांची आवक सगळ्यात जास्त असते, तेव्हा विचारा. ईस्टरच्या आधी आणि बकरी ईदच्या आठवड्यात विचारू नका.

ब्रेस्ट, म्हणजे आपला सीना

महाराष्ट्रात आपण मटण म्हणतो ते बोकडाचं. त्याच्या मांसात चरबी कमी, म्हणून आपल्या सगळ्या कृतींत मसाला चार-पाच चमचे तेलात परततात. मेंढीच्या सीन्यात मांसाच्या थरांमध्ये चरबीचे थर असतात, आणि मेंढीचा जो वास मुलांना आला तो त्या चरबीतच असतो. तुम्ही त्यात वरून तेल घातलंत आणि सगळं एकाच दिवशी शिजवून वाढलंत. उपाय सोपा: सीना आदल्या दिवशी शिजवायचा.

सव्वा किलो सीना घ्या. वरचा जाड पांढरा थर सुरीने तासून काढा, आतल्या बाजूची कागदासारखी झिल्ली नखाने सोडवून ओढून टाका. फासळ्यांच्या मधून पट्ट्या करा. पट्ट्या थंड पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटांनी ते पाणी फेसासकट ओतून द्या. गरम पाण्यात टाकलं तर फेस मांसाला चिकटून बसतो, म्हणून सुरुवात थंड पाण्यापासूनच.

मग कुकरमध्ये दीड लिटर ताजं पाणी, आठ-दहा लसूणपाकळ्या, इंचभर आलं, चार लवंगा, आठ मिरी, दालचिनीचा तुकडा, दोन चमचे मीठ. तेल नाही. पांढऱ्या रस्स्यासाठी हळदही नाही. आळणी पाण्यात हळद घालायची सवय हाताला असते, तिथे सावध राहा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून २५ मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, इंडक्शनच्या शेगडीवर त्यांचा काही भरवसा नाही. वाफ आपोआप जिरू द्या. घाईने वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं, मांसातला रस बाहेर पडतो आणि रस्सा गढूळ होतो.

मांस कोमट असतानाच फासळ्या ओढून काढा. नीट शिजलं असेल तर त्या बोटाने सुटतात. थंड झाल्यावर सुटत नाहीत, मांस फाटतं. पाणी गाळून रुंद भांड्यात घ्या, भांडं सिंकमध्ये गार पाण्यात उभं करा म्हणजे तास-दीड तासात निवेल, मग फ्रीजमध्ये. खोल पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ठेवायची पद्धत सोडा, ते मधोमध तासन्‌तास कोमट राहतं आणि नासतं.

सकाळी वर चरबीची पांढरी चकती जमलेली असेल. पाव किलो निघाली तरी दचकू नका. ती उचलून टाका. चमचाभर ठेवायची असेल तर बटाटे भाजायला ठेवा, रस्स्यात परत घालू नका. खाली उरतं ते जेलीसारखं थरथरतं पाणी. ती जेली म्हणजे सीन्याच्या पडद्यांतलं कोलॅजन विरघळलेलं, आणि महागड्या रानेच्या तुकड्यांतून ती कधीच इतकी निघत नाही. रस्स्याला ओठाला चिकटणारा दाटपणा येतो तो यानेच.

पाच जणांसाठी: एक लिटर हे पाणी. वाटण दोन चमचे भिजवलेली खसखस, दोन चमचे तीळ, दहा-बारा काजू, अगदी गंधासारखं बारीक. दोन चमचे तुपात तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनी, तीन-चार उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, चमचाभर आलं-लसूण. वाटण घालून मंद आचेवर तीन मिनिटं, रंग बदलू न देता. मग पाणी, एक उकळी, आच अगदी कमी, आणि शेवटी २०० मिलिलिटर नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळू दिलं तर ते फुटतं आणि रस्स्यात कण दिसतात. ढवळत राहा, कडेला बुडबुडे आले की बंद. सीन्याचं सोडवलेलं मांस कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्यात परतून सुकं करा, दोन चमचे तेल पुष्कळ झालं. उरलेल्या पाण्यात तोच मसाला घातला की तांबडा रस्सा तयार.

सीना अजून स्वस्त का राहिला? त्याला हात लावायची कुणाची तयारी नाही म्हणून. पुष्कळसा कबाबवाल्यांकडे जातो. सुपरमार्केटात सुतळीने गुंडाळलेला मिळतो. सुतळी कापा, उलगडा. गुंडाळलेलाच शिजवलात तर आतली चरबी आतच राहते. गुंडाळलेल्या तुकड्यातली हाडं बहुधा काढलेली असतात. तसं असेल तर खांद्याचा खवाटा कुकरमध्ये सोबत टाका.

कुकरच्या बाकीच्या वेळा, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर: खांद्याचे पाच सेंटिमीटरचे तुकडे २० ते २५ मिनिटं, हाडाची मान ३०, अख्खी नळी ४० ते ४५, वयस्क मेंढी आणि बोकड ३५ ते ४५, पाये तासभर तरी, बहुधा जास्तच. विजेच्या कुकरमध्ये दाब आपल्या कुकरपेक्षा कमी असतो, म्हणून पाचवा हिस्सा वेळ वाढवा. शिजलं की नाही हे चावून ठरवताना एक लक्षात घ्या: चिवट आणि ओलं लागलं तर अजून शिजवायचं आहे, तुटतंय पण कोरडं लागतंय तर वेळ उलटून गेली. पहिल्याला उपाय आहे, दुसऱ्याला नाही.

चिकन

विंग्ज सोडाच, पण बोनलेस थायही सोडा. हाड काढायला माणसाचा हात लागतो, तो हात तुम्ही विकत घेताय. इथली सगळी सुपरमार्केटं अख्खी कोंबडी एकमेकांकडे बघून स्वस्त ठेवतात, कारण गिऱ्हाईक त्या एका भावावरून दुकान जोखतं. १.६ किलोच्या कोंबडीतून दोन तंगड्या मिळून साडेचारशे ते पाचशे ग्रॅम, छातीचंही जवळपास तेवढंच, पंख दीडशे, आणि पिंजरा साडेतीनशेच्या वर. तंगडी बाहेरच्या बाजूला मोडा, खुबा उघडा पडतो, तिथून कापा. मांडी आणि पायाच्या मध्ये आतल्या बाजूला चरबीची बारीक रेघ दिसते, सुरी बरोबर तिच्यावर ठेवली की सांध्यातून सरळ जाते. रेघ चुकली तर हाड लागतं. जोर न लावता अर्धा सेंटिमीटर सरका. कातडी कोरड्या कागदाने धरून ओढा, हाताने निसटते. पिंजरा आणि पंख चाळीस मिनिटं उकळले की सूप किंवा पुलावाचं पाणी झालं.

अख्खी नको असेल तर मांडी आणि पाय जोडलेली तंगडी घ्या, सुट्या ड्रमस्टिक आणि सुट्या थायच्या मधला भाव ती क्वचितच गाठते. कोंबडी नळाखाली धुऊ नका. आपल्याकडची ती सवयच आहे, पण शिंतोड्यांतून जंतू ओटाभर पसरतात. कागदाने टिपा, सुरी-पाटा गरम साबणाच्या पाण्याने धुवा.

जे अजून कुणी पळवलेलं नाही

कलेजी. लॅम्बची असो की चिकनची, अजून स्वस्तच आहे. सेंटिमीटरभर जाडीचे काप, तवा चांगला तापलेला, एका वेळी एकच थर, प्रत्येक बाजूला साधारण दोन मिनिटं. मीठ शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटून कलेजी तव्यावर उकडते आणि रबर होते. चिकनची कलेजी आत गुलाबी ठेवू नका, मधोमध ७० अंशांवर दोन मिनिटं गेली पाहिजेत. घरात कुणी गरोदर असेल तर तिला कलेजी अजिबात नको, अ जीवनसत्त्व फार असतं; सासूबाईंनाही आठवड्यातून एकदा पुरे. लॅम्बचं काळीज, म्हणजे हृदय, मिळालं तर शिरा आणि वरची चरबी काढून लहान तुकडे करा आणि खांद्याच्या मटणात मिसळा. मुलांना सांगू नका, ओळखू येत नाही. हलाल दुकानात पाये, मुंडी आणि साफ केलेली वजडीही मिळते, पण त्याबद्दल सासूबाईंना आमच्याहून जास्त माहीत असणार.

राहिला खिमा. सुपरमार्केटच्या लॅम्बच्या खिम्यात चरबी २० टक्क्यांपर्यंत असते, पाकिटावर लिहिलेलं असतं. तेल न घालता कोरड्या कढईत परता, सुटलेली चरबी ओतून टाका, मग कांदा. खांद्याच्या छाटणीतून खाटकाकडून खिमा करून घेतलात तर चरबी किती ठेवायची ते तुम्ही ठरवता.

संध्याकाळी पिवळी लेबलं लावलेलं, म्हणजे तारीख संपत आल्याने भाव उतरवलेलं, मटण जरूर घ्या. 'यूज बाय' तारीख त्या दिवशीची असली तरी मध्यरात्रीच्या आत फ्रीझरमध्ये गेलं तर चालतं. पिशवीतली हवा दाबून काढा, पिशव्या सपाट ठेवा, वर भाग आणि वजन लिहा, कारण गोठल्यावर सीना आणि मान सारखेच दिसतात. वितळवायचं ते फ्रीजमध्ये, आणि वितळल्यावर चोवीस तासांच्या आत शिजवायचं. रस्स्याचं गाळलेलं पाणीही डब्यांत गोठवा, तीन महिने छान राहतं. नारळाचं दूध घातलेला रस्सा मात्र गोठवू नका, वितळल्यावर तो फुटलेला निघतो.